कडवळाला किराळ लागत नाही

आमच्या घरी नवा पाहुणा आला आणि सूनबाई काय करतात असं त्यानं विचारलं, की माझे सासरे गंभीर चेहऱ्यानं सांगायचे, "सरकारी नोकरीत आहे. गवत शिजवते." पाहुणा हसायचा आणि मी स्वयंपाकघरात दातओठ खायचे. पण त्यात खोटं काही नव्हतं. पुण्यातल्या जनावरांच्या एका प्रयोगशाळेत माझी सगळी नोकरी गवत, पाला, शेंगा आणि बिया चिरण्यात, वाटण्यात आणि उकळण्यात गेली. कुठे गाय दगावली, कुठे शेळ्या आडव्या झाल्या, की त्यांनी जे खाल्लं असेल ते आमच्याकडे यायचं आणि त्यात विष आहे का, असलं तर किती, ते मी मोजून द्यायचे.

माणसाचं बरं असतं. पोटात दुखायला लागलं की तो काल कुठे जेवलो ते सांगतो, आणि आमटी कशी बिघडली होती तेही सांगतो. गाय काही सांगत नाही. तिनं काय खाल्लं ते तिच्या पोटातून काढावं लागतं, नाहीतर ती जिथे चरली त्या रानातून. पोटातलं लवकर नासतं, म्हणून रानातलं महत्त्वाचं.

माझं माहेर नारायणगावकडचं. त्यामुळे जुन्नर-आंबेगावचा कुणी आला की शिपाई त्याला सरळ माझ्या टेबलापाशी आणून उभा करायचा, "मॅडम, तुमच्याकडचे पाहुणे." या दोन तालुक्यांत सगळंच आहे. पश्चिमेला डोंगर, भात, नाचणी आणि मोकाट माजलेली घाणेरी. पूर्वेला ज्वारी-बाजरी, विहिरीवरची बागायत आणि गोठ्यात बांधलेल्या संकरित गाई. विषंही त्या त्या बाजूची वेगळी.

डिंभ्याच्या वरच्या अंगाचे एक म्हातारे एकदा घाणेरीचं अख्खं झुडूप घेऊन आले होते. मुळासकट, फुलं, फळं, माती, सगळं. त्यांच्या बैलाचे डोळे पिवळे झाले होते आणि उन्हात उभं केलं की कातडी सोलून निघत होती. एसटीत कंडक्टरनं झुडपाचं अर्धं तिकीट मागितलं म्हणून त्यांचं भांडण झालं होतं आणि ते अजून त्याच रागात होते. एवढं मोठं कशाला आणलं, असं मी विचारलं. ते म्हणाले, "मला काय म्हाईत तुमाला कंचं पान लागतंय? म्हून समदंच आनलं." मी त्यांना चहा पाजला. मला आलेला तो सगळ्यात चांगला नमुना होता, आणि का ते पुढे कळेल.

आपल्याकडे सरकारी माणसाकडे वाईट वस्तू घेऊन जायची लाज वाटते. नमुना आणा म्हटलं की लोक रानातल्या उभ्या पिकाचं सगळ्यात चांगलं ताट निवडतात. मुळाची माती धुतात. वाटेत सडू नये म्हणून सावलीत वाळवतात. मग कोऱ्या पिशवीत घालून, वर दोरा बांधून, एखाद्या आहेरासारखं टेबलावर ठेवतात. त्यांना वाटतं, मॅडम खूश होतील. मॅडम खूश होत नाहीत. कारण गाईनं ते चांगलं ताट खाल्लेलं नसतं. तिनं त्याच्या बुडाशी असलेलं खुरटं, मळकं, कुणी ढुंकून बघणार नाही असं काहीतरी खाल्लेलं असतं.

ज्वारीच्या बाबतीत तर यानं सगळा घोटाळा होतो. ज्वारीच्या कोवळ्या पानात विष तयार बसलेलं नसतं. पानाच्या आत दोन वस्तू वेगवेगळ्या ठेवलेल्या असतात. जनावरानं पान चावलं की त्या एकमेकींत मिसळतात आणि सायनाइडचा वायू सुटतो. पाणी तुटलेलं खुरटं पीक आणि कापल्यावर धसकटातून पुन्हा फुटलेले हिरवे फुटवे, यांत ते सगळ्यात जास्त. पीक वाढून फुलोऱ्यात आलं की उतरतं. कापून वाळवलं की बरंचसं उडूनच जातं. भुकेल्या गाईनं असे फुटवे तोंडभर खाल्ले तर ती धाप टाकते, थरथरते आणि डॉक्टरांची मोटारसायकल गावात शिरायच्या आत आडवी होते. याला आपल्याकडे किराळ लागणं म्हणतात. शब्द जुना आहे. जुन्या माणसांना तो ठाऊक असतो, आणि ठाऊक असूनही काय होतं त्याचीच ही हकीकत आहे.

एका उन्हाळ्यात आंबेगावच्या पूर्वेकडच्या लोणीहून ज्वारीचा नमुना आला. दोन गाई मेल्या होत्या. तिथल्या पशुवैद्यक डॉक्टरांना किराळीची शंका होती, पण ते पोचेपर्यंत गाई पुरल्या होत्या. म्हणून त्यांनी गाईंच्या मालकाला, ज्ञानोबांना, रानातला चारा घेऊन आमच्याकडे पाठवलं. ज्ञानोबांनी आणलेली पेंढी बघण्यासारखी होती. उंच, स्वच्छ, खडखडीत वाळलेली. मी तपासणी केली. सायनाइड आढळलं नाही. मी तसा अहवाल दिला, आणि नमुना वाळलेला होता हेही खाली लिहिलं. ती खालची ओळ लोणीत कुणी वाचली नाही.

नंतर काही दिवसांनी एक बाई माझ्या टेबलापाशी येऊन उभी राहिली. तिशी-पस्तिशीची, डोक्यावरून पदर, पायांत धुळीनं भरलेल्या चपला. म्हणाली, "मॅडम, त्यो लोनीचा कागद तुमी दिला का?" मी हो म्हटलं. "मंग त्यो बदलून द्या. त्या कागदानं मला गावातनं उठवलंय."

मला आधी रागच आला. अहवाल म्हणजे काय बाजारातली साडी आहे, की रंग आवडला नाही म्हणून बदलून द्यावी? पण ती रडत नव्हती, हात जोडत नव्हती, आणि जायलाही तयार नव्हती. मी तिला खुर्ची दिली आणि सगळं पहिल्यापासून सांगायला लावलं.

तिचं नाव सुनीता. ज्ञानोबा तिच्या नवऱ्याचे चुलतभाऊ, बांधाला बांध. नवरा गेल्यावर ज्ञानोबांची जनावरं सर्रास तिच्या रानात शिरू लागली. तिनं म्हशीसाठी कडवळ, म्हणजे हिरव्या चाऱ्याचं पीक, केलं होतं. ते कापलं, विहिरीचं पाणी आटलं, रान तसंच पडलं. मग एक वळीव झाला आणि धसकटांतून हिरवे फुटवे वर आले. गावात दुसरीकडे कुठे हिरवं नव्हतं. गाई त्यावर पडल्या. तिनं त्या लगेच हाकलल्या आणि पाणवठ्यावर चारचौघींत बोलून गेली, की पुन्हा आल्या तर जित्त्या जायच्या नाहीत. त्याच आठवड्यात गाई पुन्हा शिरल्या आणि तिथेच मेल्या.

आता गावानं काय समजायचं? ज्ञानोबांनी पोलिसांत अर्ज दिला, की हिनं फुटव्यांवर औषध मारलं. फवाऱ्याच्या औषधाची तपासणी दुसरीकडे गेली होती आणि तिचा पत्ता नव्हता. तोवर माझा अहवाल पोचला. चाऱ्यात काही नाही, असं मॅडमनीच लिहून दिलंय, मग घातल्याशिवाय विष आलं कुठून? डेअरीवर तिचं दूध घेणं बंद झालं. तिच्या हातचं दूध कोण पिणार? मजुरीला कुणी बोलवेना. पोरीला घेऊन माहेरी निघून जा, असा निरोप सासरच्याच माणसांनी दिला होता.

"जाऊ का?" तिनं मला विचारलं. "गेले तर समदी म्हनतील, केलं व्हतं म्हून पळाली."

मला त्या पेंढीचा इतका संताप आला, की मी उठून खिडकीपाशी गेले. माझा आकडा बरोबर होता. पेंढीत काही नव्हतंच. आणि त्या बरोबर आकड्यानं एका बाईचं घर मोडत होतं. नमुना कुणी काढला, असं मी विचारलं. ज्ञानोबांनीच. कुठून? बांधाकडेला पाट फुटतो तिथे चार ताटं कापायची राहिली होती, ती उंच झाली होती, त्यातून. धुतली होती? धुतली, चांगली पत्र्यावर वाळवली. ते लबाडी करत होते का? सुनीता म्हणाली, न्हाई, त्ये तसं न्हाईत. सायबाकडं न्यायचं म्हून चांगलं बघून नेलं.

आमच्या साहेबांचं म्हणणं, की निकाल गेला, प्रकरण बंद. जिच्यावर आरोप तिनं आणलेला नमुना आपण घेऊ शकत नाही, हेही खरं होतं. गाडी मिळणार नव्हती. मी रजा टाकली, बर्फाचा डबा, नळ्या आणि पिवळ्या कागदांची बाटली पिशवीत भरली आणि लोणीच्या डॉक्टरांना फोन केला, की मी एसटीनं येते आहे, ज्ञानोबांना घरी थांबवा. डॉक्टर म्हणाले, मॅडम, तुम्ही कशाला यात पडता? मी म्हटलं, मी आधीच पडलेली आहे.

पिवळ्या कागदांचं सांगायला हवं. प्रयोगशाळेत विष नेमकं किती ते मोजायला ऊर्ध्वपातन वगैरे बरीच यातायात असते. रानात नुसतं आहे की नाही एवढंच बघायचं तर एक सोपी युक्ती आहे. ताजा पाला कुटून नळीत घालायचा, औषधाचे दोन थेंब टाकायचे आणि वर पिवळ्या कागदाची ओली पट्टी पाल्याला न लागता टांगून बूच मारायचं. पाल्यातून सायनाइड सुटलं की पट्टी विटकरी लाल होते. इतकी सुंदर, इतकी स्वच्छ तपासणी, की ती बघून कुणालाही पटेल अशी माझी खात्री होती.

सुनीताच्या घराच्या ओट्यापुढे मंडळी जमली. ज्ञानोबा, त्यांची बायको शालन, त्यांचे म्हातारे चुलते, ज्यांना सगळे आबा म्हणत, डॉक्टर आणि बघे. किराळीचं नाव काढताच आबांनी मला अडवलं. त्यांच्या बोलण्यात उद्धटपणा नव्हता. लहान मुलीला समजवावं तसं ते सांगत होते.

"बाई, किराळ जवारीला लागती. कडवळाला किराळ लागत न्हाई. सारा जलम आमी जनावरं कडवळावं वाढवली."

मी विचारलं, "आबा, कडवळ म्हणून पेरता काय?"

"जवारीच की. दाट फेकायची, झालं कडवळ."

आपण काय बोललो ते त्यांचं त्यांनाच ऐकू आल्यासारखं झालं. मंडळींत कुणीतरी खाकरलं. पण आबा काही चुकीचं सांगत नव्हते. कडवळ फुलोऱ्यात आल्यावरच कापतात, म्हणून त्यानं कधी जनावर मेलं नाही. दाण्याला पेरली की ज्वारी, चाऱ्याला पेरली की कडवळ. नाव बदललं आणि नावाबरोबर भीतीही गेली. कापलेल्या कडवळाला पुन्हा फूट आली तर तिला काय म्हणायचं, हे मात्र कुणी ठरवलेलं नव्हतं.

मी नळी काढली, पिवळी पट्टी दाखवली, ती लाल होईल असं सांगितलं. त्यावर शालन पुढे आली. हात कमरेवर. म्हणाली, "हळदीला चुना लावला की कुंकू व्हतं. ह्ये आमाला नगा शिकवू." सगळे हसले. एक जण म्हणाला, मागं एक बुवा आला व्हता, त्यो बी असाच कागूद लाल करून भूत दाखवायचा.

माझी इतक्या वर्षांची शास्त्रीय तपासणी एका वाक्यात बुवाच्या पंक्तीला जाऊन बसली होती. वाईट असं, की बाईचं म्हणणं योग्य होतं. नळी माझी, कागद माझा, औषध माझं, मग लाल रंगावर तिनं विश्वास का ठेवावा? तिच्या जागी मी असते तर हेच विचारलं असतं. मी चिडले होते, आणि खरं सांगायचं तर मला ती आवडलीही होती.

मी पिशवीच तिच्यापुढे ठेवली. म्हटलं, शालनताई, मी कशाला हात लावत नाही. पाला तुम्ही आणा, तुम्ही कुटा, बूच तुम्ही मारा. एका नळीत नुसतं पाणी घाला. एकीत ती उंच ताटं, एकीत वाळलेली पेंढी, जशी पुण्याला पाठवली तशी. एकीत सुनीताच्या रानातले फुटवे. हळद-चुन्याचा खेळ असेल तर सगळेच कागद लाल होतील, नाहीतर एकही होणार नाही.

शालननं माझ्याकडे नीट बघितलं. मग म्हणाली, "तिच्या रानात तिनं औषध मारलं आसंल तर? आमच्या रानातली बी फूट आनती. आमच्यात तर कुनी मारलं न्हाई." ज्ञानोबांनी त्यांचं कडवळ मागून कापलं होतं. त्यांच्या धसकटांना आता कुठे फूट येत होती, आणि ती जरा वाढली की उरलेली गाय तिथे सोडायची असं ठरलं होतं. मला हे सुचलं नव्हतं. आरोप करणारीनंच पुरावा कसा काढायचा ते सांगितलं.

ती स्वतः विळा घेऊन दोन्ही रानांत जाऊन आली. डॉक्टर सोबत होते. खलबत्ता तिनं स्वतःच्या घरून आणला, आणि प्रत्येक वेळी तो घासून धुतला. थेंब कसे टाकायचे ते मी लांबून सांगत होते. कुठली नळी कुठली ते कळावं म्हणून तिनं नळ्यांना वेगवेगळ्या रंगाचे दोरे बांधले आणि त्या ओट्यावर उन्हाच्या कडेला एका रांगेत उभ्या केल्या. सुनीता दारात बसली होती. ती एकदाही नळ्यांजवळ आली नाही.

थांबणं हा आमच्या धंद्याचा मोठा भाग आहे आणि मला तो कधीच जमला नाही. ऊन चांगलं होतं, फूट ताजी होती, तरी मनात नाही नाही ते येत होतं. कागद जुने झाले असले तर? फुटव्यांतलं विष या दिवसांत उतरलं असलं तर? मग या बाईला मी स्वतः येऊन दुसऱ्यांदा बुडवलं असतं. लोक कांद्याच्या भावाबद्दल बोलायला लागले होते.

पहिल्यांदा आबांना दिसलं. त्यांनी काठी उचलून एका नळीकडे रोखली. हिरव्या दोऱ्याच्या नळीतली पट्टी खालच्या टोकाकडून तांबूस होत होती. मग तिच्या शेजारची. बाकीच्या तिन्ही पिवळ्याच्या पिवळ्या. बघता बघता दोन्ही पट्ट्या विटेसारख्या लाल झाल्या, आणि हिरव्या दोऱ्याची जास्त गडद.

"हिरवा दोरा कुनाचा?" ज्ञानोबांनी विचारलं.

शालननं नळी उचलून दोरा पुन्हा बघितला. "आपल्या रानाचा," ती म्हणाली.

ज्ञानोबा ओट्याच्या कडेवर खाली बसले. माणूस अंगानं मोठा, पण एकदम आक्रसला. "मंग माझ्या गाया मीच मारल्या म्हना की," ते म्हणाले. "मीच सोडल्या व्हत्या तिच्या रानात."

कुणी मारल्या नाहीत, असं मी सांगायला तोंड उघडलं, पण माझ्या आधी दारातून सुनीता बोलली. आवाज चढवला नाही.

"तुमी न्हाई मारल्या, भाऊजी. आसं कुनी कुनाला म्हनू न्हाई. लई लागतं."

डॉक्टर नळ्यांचे फोटो काढत होते. मी ताजे फुटवे बर्फाच्या डब्यात भरले, डॉक्टरांच्या सहीनिशी, म्हणजे यावेळी नेमका आकडा देता येणार होता. तो पुढे दिला, अर्जही मागे घेतला गेला. पण मला त्या वेळी आकड्याचं काही वाटत नव्हतं. मला एवढंच बघायचं होतं, की ज्यांच्या डोळ्यांसमोर तिला विषारी हाताची ठरवलं, त्यांच्या डोळ्यांसमोर आता काय होतं.

ज्ञानोबा पायाखालच्या मातीकडे बघत होते. मग मान न उचलता म्हणाले, "वैनी, पानी देता का जरा?"

बाई आता लगबगीनं आत जाईल, तांब्या-भांडं घेऊन येईल, आणि आपण सगळे निवांत घरी जाऊ, असं मला वाटलं. सुनीता जागची हलली नाही.

"रांजनात हाये," ती म्हणाली. "हातानं घ्या."

ज्ञानोबा उठले. दारातून आत जाताना त्यांना वाकावं लागलं, आणि ती अंग चोरून बाजूला झाली नाही, म्हणून तिच्या कडेनं जावं लागलं. त्यांनी रांजणात तांब्या बुडवून भरून घेतला, बाहेर येऊन सगळ्यांसमोर उभे राहिले आणि तांब्या रिकामा होईपर्यंत पाणी प्यायले. शालन बघत होती. आबा बघत होते. डेअरीवर दूध मोजणारा माणूसही मागे उभा होता, हे मला तेव्हा कळलं.

सुनीतानं ज्ञानोबांच्या हातातून तांब्या घेतला. पदर खांद्यावर ओढून ती पहिल्यांदा उभी राहिली, आणि एकेकाच्या तोंडाकडे बघत तिनं विचारलं, "आनखी कुनाला पायजे?"

कुणीच पुढे येईना. मग माझ्या आधी शालननं हात पुढे केला.